सुटीतले घर, घरातली सुटी

वार्षिक परीक्षा आटोपल्या की आपल्या धर्मग्रामांतील मुलांना सुमारे दीड महिन्याचा मोकळा काळ मिळतो. मे महिना आणि जूनचा पहिला पंधरवडा हे दिवस कसे घालवावेत, हा प्रश्न मग प्रत्येक घरात उभा राहतो. काही पालक सुटीलाही शाळेचे रूप देतात. सकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग, दुपारी गणिताची शिकवणी, सायंकाळी पोहणे. दुसरीकडे काही घरांत मुले दिवसभर मोबाइलच्या पडद्यासमोर बसून असतात आणि सुटी केव्हा संपली हे कोणालाच कळत नाही. पहिल्या घरात मुलाला क्षणभर उसंत नसते, तर दुसऱ्या घरात उसंत असूनही तिचा उपयोग नसतो.

या दोहोंपेक्षा वेगळी अशी एक सुटी असते. ती घरीच असते, निवांत असते. शेजारपाजारची मुले एकत्र जमतात, कोणी पेटी काढून बसतो, कोणी रंग कालवतो, कोणी कागद-खळ घेऊन काहीतरी घडवत असतो. आपल्यातील अनेकांचे बालपण अशाच सुट्यांवर पोसलेले आहे. अशी सुटी आजही शक्य आहे का, तिच्यासाठी काय लागते आणि ती घरातील कोणाच्या श्रमावर उभी असते, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. नाशिकशी नाते सांगणारी दोन घरेच आपल्याला पुष्कळ काही शिकवतात.

सुटी म्हणजे काय?

‘सुटी’ हा शब्द ‘सुटणे’ या क्रियापदातून आलेला आहे. बांधलेले सुटते, जुंपलेला बैल सुटतो, तशी शाळेतून मुले सुटतात. म्हणजे सुटीचा पहिला अर्थ मोकळीक असा आहे. परंतु ही मोकळीक म्हणजे आळस नव्हे. आळसात मन सुस्तावते, तर मोकळिकीत ते स्वतःहून कशाकडे तरी वळते. मुलाला ‘कंटाळा आला’ असे म्हणू द्यावे. त्या कंटाळ्याच्या पलीकडे बहुधा एखादा खेळ, एखादे चित्र किंवा एखादी गोष्ट त्याची वाट पाहत असते. कंटाळा येताच त्याच्या हाती मोबाइल दिला, तर ते दार बंदच राहते.

पवित्र शास्त्रातील विसाव्याच्या दिवसाची आज्ञा या संदर्भात मननीय आहे. निर्गमच्या पुस्तकातील त्या आज्ञेत विसावा केवळ घरधन्याला दिलेला नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका अशी यादीच तेथे दिलेली आहे. एकाने विसावा घ्यावा आणि त्याच्यासाठी दुसऱ्याने राबावे, ही कल्पना त्या आज्ञेला मान्य नाही. विसावा सर्व घराचा असतो. ही गोष्ट लक्षात ठेवून आता त्या दोन घरांकडे वळू.

कुंडीतले वाटाणे

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग अशा नाना विद्यांत त्यांचा हात चाले. स्वतःच्या आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने ते जादूचे खेळ करीत. १९११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला आणि त्याच वेळी, आपल्या देशातील राम-कृष्णांच्या कथाही अशाच पडद्यावर का येऊ नयेत, हा विचार त्यांच्या मनात आला. ख्रिस्तजीवनावरील एका चित्रपटातून भारतीय चित्रपटाची प्रेरणा मिळाली, ही गोष्ट आपल्या वाचकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे.

१९१२ च्या आरंभी फाळके लंडनला जाऊन आले. तेथे मागणी नोंदवलेला कॅमेरा त्या वर्षीच्या मे महिन्यात, म्हणजे ऐन उन्हाळ्यात, मुंबईला पोहोचला. सोबत आलेल्या आराखड्याच्या आधारे त्यांनी तो काही दिवसांतच जोडला. पहिला प्रयोग कोणावर केला असेल? आजूबाजूच्या मुला-मुलींवर! त्यांचे खेळणे-बागडणे चित्रित करून कॅमेरा नीट चालतो याची खात्री त्यांनी करून घेतली. त्यानंतर एका कुंडीत वाटाणे पेरले, कुंडीसमोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपली. ती पडद्यावर एक मिनिटाहून थोडी अधिक दिसे. दाणा फुटतो, अंकुर वर येतो, पाहता पाहता वेल होतो. ‘अंकुराची वाढ’ हे त्या लघुपटाचे नाव. तो पाहूनच पुढच्या चित्रपटासाठी भांडवल उभे राहू शकले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला.

यात पाहण्यासारखे हे की हे सर्व दादरच्या राहत्या घरी घडले. घरातील मंडळींनीच फिल्मच्या कडांना छिद्रे पाडली, फिल्म धुतली. थोरला मुलगा भालचंद्र याने रोहिदासाची भूमिका केली. त्याच वर्षी फाळके आपला संसार आणि व्यवसाय घेऊन नाशिकला आले. येथेही घर आणि कारखाना यांत फारसे अंतर नव्हते. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ या चित्रपटात त्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेले फाळके स्मारक आपण सहलीला जाऊन पाहतो, परंतु त्या कर्तृत्वाचा उगम एका घरातील कुंडीत आहे, हे मुलांना क्वचितच सांगितले जाते.

दिव्याच्या उजेडातील हात

या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले दागिने या कामासाठी दिले. चित्रपटासाठी जमलेली साठ-सत्तर माणसे घरीच जेवत, आणि तो सर्व स्वयंपाक सरस्वतीबाईंच्या हाती असे. दिवसा चित्रण चालू असताना उजेड परावर्तित व्हावा म्हणून त्या पांढरी चादर धरून भर उन्हात तासन्‌तास उभ्या राहत. रात्री सर्वजण झोपल्यावर मेणबत्तीच्या उजेडात फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम चाले. रसायनांचे मिश्रण करणेही त्या शिकल्या होत्या. भारतातील पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाच्या तंत्रकामात एका गृहिणीचे हात होते. तिचे नाव मात्र फार उशिरा लोकांसमोर आले. २००९ साली आलेल्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या मराठी चित्रपटाने त्या घराचे चित्र पुष्कळांच्या डोळ्यांसमोर उभे केले.

येथे आपण थांबून विचार करावा. सरस्वतीबाई निर्मितीत सहभागी होत्या, हे त्या घराचे मोठेपण. परंतु त्यांच्या वाट्याला दिवसाचा स्वयंपाक आणि रात्रीची फिल्म असे दुहेरी काम आले, हेही तितकेच खरे. आजच्या घरात सुटीच्या दिवसांत पाच-सात मुले जमतात, चित्रे काढतात, गाणी म्हणतात. सर्वांना कौतुक वाटते. पण त्या मुलांचे सरबत, पोहे, पसारा आणि भांडी कोणाच्या वाट्याला येतात? घराला सुटी लागली, तेव्हा आईची सुटी कोठे गेली?

जलालपूरची लेक

दुसरे घर लक्ष्मीबाई टिळकांचे. त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. त्यांचे पती कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. काही वर्षांच्या दुराव्यानंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या आणि १९०० साली त्यांनीही दीक्षा घेतली. हे दांपत्य प्रोटेस्टंट मंडळीचे, परंतु त्यांच्या लेखनाचा वारसा सर्वच मराठी ख्रिस्ती समाजाचा आहे.

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथील टिळकांचे घर म्हणजे सदैव उघडे दार होते. अनाथ मुले, विद्यार्थी, कवी, अडलेनडलेले लोक यांची तेथे वर्दळ असे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात सर्वांची मने जिंकणारे त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच आपले बालकवी, पुढे टिळकांच्या घरी राहिले. घरातील बोलण्यात कविता होती, भजने होती, विनोद होता. एखाद्या तरुणाची प्रतिभा फुलण्यास यापेक्षा चांगली जागा कोणती?

परंतु टिळक माणसे घरी आणीत, आणि त्यांना जेवू घालण्याची चिंता लक्ष्मीबाईंना करावी लागे. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हे पानोपानी जाणवते. त्यांचे औपचारिक शिक्षण झाले नव्हते, जोडाक्षरे लिहिताना त्या अडखळत. तरीही त्यांच्यात एक श्रेष्ठ लेखिका दडलेली होती. ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ १९३४ पासून भागांनी प्रसिद्ध होऊ लागला, तेव्हा त्या पासष्टी ओलांडलेल्या होत्या. १९३६ साली त्यांचे निधन झाले. टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही त्यांनीच पुढे नेले. मराठीतील एक सर्वोत्तम आत्मचरित्र आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात लिहिले गेले, याचा आनंद मानावा. त्याबरोबरच, असे उसंतीचे तास त्यांना तीस वर्षे आधी मिळाले असते तर, हा प्रश्नही मनात ठेवावा.

गाणे कोठे शिकतात?

नाशिकला संगीताचाही मोठा वारसा आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात येथे रामनाम आधार आश्रम स्थापन केला. त्यांचे सुपुत्र, गायक दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांचा जन्म २८ मे १९२१ रोजी नाशिकला झाला. विष्णु दिगंबरांचे शिष्य गुरूंच्या सहवासात राहून शिकत. सकाळी उठल्यापासून सूर कानावर पडत असे. संगीत कुलीन घरांतून मोकळेपणाने शिकले जावे, यासाठी त्यांनी स्वरलिपी रचली, पुस्तके छापली, विद्यालये काढली. आज आपल्या मुली निःसंकोच पेटी वाजवतात, त्यामागे अशा माणसांचे परिश्रम आहेत.

मराठी ख्रिस्ती घरांतही गाणे नेहमीच होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. ते ओवीबद्ध आहे, म्हणजे मुळातच मोठ्याने म्हणण्यासाठी आहे. पुढे टिळकांनी भजन, अभंग आणि कीर्तन यांच्या चालींना ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान मिळवून दिले. गायकवृंदात गाणारी पुष्कळ मुले आज घरी मात्र गात नाहीत. रविवारच्या मिस्सासाठी दोन दिवस आधी घाईने तालीम होते आणि कागद बाजूला ठेवला जातो. सुटीत ही घाई नसते. एकच गीत घेऊन ते महिनाभर रोज थोडे थोडे म्हणावे. पहिल्या आठवड्यात शब्द पाठ होतात, दुसऱ्या आठवड्यात चाल बसते, आणि नंतर केव्हातरी ते गीत आपले होते.

बेथानीचे घर

संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू मार्था व मरिया या बहिणींच्या घरी जातो. मरिया त्याच्या पायांशी बसून त्याचे बोलणे ऐकते. मार्थेची मात्र पाहुणचाराच्या कामात धांदल उडालेली असते, आणि आपली बहीण मदत करत नाही अशी तक्रार ती करते. प्रभू तिला प्रेमाने सांगतो की ती पुष्कळ गोष्टींची चिंता वाहत आहे आणि मरियेने उत्तम वाटा निवडला आहे.

हा उतारा ऐकताना आपल्याकडील अनेक माताभगिनींच्या मनात एक प्रश्न येतो, तो बोलून दाखवला जात नाही इतकेच: ‘सगळ्याच बसल्या, तर चूल कोण पेटवणार?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे एक व्यावहारिक उत्तर असे की, चूल सर्वांनी मिळून पेटवावी आणि मग सर्वांनी मिळून बसावे. मार्थेलाही बसण्याचा अधिकार आहे. ज्या घरात तो तिला मिळतो, त्या घराला खरी सुटी लागली असे म्हणता येईल.

या सुटीत काय करता येईल?

पुढील सूचना कोणत्याही घरी, फारसा खर्च न करता अमलात आणता येतील.

१. कामाची वाटणी. सुटीच्या पहिल्याच दिवशी घरातील कामांची यादी भिंतीवर लावावी. पाणी भरणे, केर काढणे, भाजी निवडणे, ताटे घेणे, भांडी विसळणे ही कामे मुलगा-मुलगी असा भेद न करता वाटून घ्यावीत. वडिलांचे नावही यादीत असावे. मित्र घरी आले, तर आपापली पेला-ताटली धुऊन ठेवण्याचा नियम त्यांनाही लागू करावा. मुलांना हा नियम आवडतो, असा अनेक घरांचा अनुभव आहे.

२. अंकुराची वाढ. फाळक्यांचा प्रयोग आज मोबाइलवर करता येतो. आपल्याकडील उन्हात वाटाणा तग धरत नाही, म्हणून चवळी पेरावी. कुंडी आणि मोबाइल ठेवण्याची जागा खडूने आखून ठेवावी, म्हणजे प्रत्येक वेळी चित्र एकाच कोनातून येईल. दिवसाला तीन छायाचित्रे घेतली, तर ४० दिवसांत १२० होतात. सेकंदाला आठ या वेगाने ती जोडल्यास १५ सेकंदांचा चित्रपट तयार होतो. पंधरा सेकंदांसाठी चाळीस दिवस थांबणे, हाच यातील मोठा धडा आहे.

३. घरची स्मृतिचित्रे. आजी-आजोबांना रोज एक प्रश्न विचारावा आणि उत्तर वहीत उतरवून घ्यावे. गाव सोडून नाशिकला केव्हा व का आलात? १९७२ च्या दुष्काळात काय खाल्ले? लग्नात कोणती गाणी म्हटली होती? पहिले चर्च कसे होते? जोडाक्षरे चुकली तरी चालतील. सुटीच्या शेवटी त्या वहीला मुलांनीच चित्रे काढून मुखपृष्ठ करावे.

४. वाळवण. कुरडया, पापड, सांडगे हा आपल्या घरांचा जुना उन्हाळी प्रकल्पच आहे. कुरडईसाठी गहू तीन दिवस भिजवतात, पाणी रोज बदलतात, वाटून चीक काढतात, तो शिजवून सोऱ्यातून घालतात. त्यात विज्ञान आहे, कौशल्य आहे आणि चिकाची वाटी मिळण्याची आशाही आहे. गच्चीवर चार घरांनी मिळून हे काम केले, तर एकीवरच भार पडत नाही, आणि शेजारधर्माला जातिधर्माचे कुंपणही राहत नाही.

५. गाण्याची संध्याकाळ. आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवावी. पेटी, तबला नसल्यास टाळ पुरेत, तेही नसल्यास टाळ्या पुरेत. प्रत्येकाने एक गीत म्हणावे. ज्याला गाता येत नाही, त्याने गोष्ट सांगावी.

दोन सावधगिरीच्या सूचना. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो. दुपारी अकरा ते चार या वेळेत मुलांनी सावलीत राहावे आणि पाणी, ताक, पन्हे वरचेवर घ्यावे. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची. नदी, विहीर वा धरणाच्या पाण्यात मुलांनी मोठ्या माणसांशिवाय उतरू नये. उन्हाळी सुटीत अशा दुर्घटनांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत असतात. घरात सोबत्यांसह रमलेले मूल अशा धोक्यांपासून पुष्कळ अंशी दूर राहते.

उपसंहार

या सर्व गोष्टी एकाच सुटीत झाल्या पाहिजेत, असे मुळीच नाही. तसे केल्यास सुटीचा पुन्हा वर्ग होईल. एखादी गोष्ट निवडावी, ती अर्धवट राहिली तरी खंत करू नये. काही दिवस काहीच न करता खिडकीतून गुलमोहर पाहत बसण्यासाठीही ठेवावेत.

मात्र एक गोष्ट अर्धवट राहू देऊ नये. जून महिन्यात शाळा उघडतील, तेव्हा प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारावे: या सुटीत आपल्या घरातील कोणाला एक दुपारही मोकळी मिळाली नाही का? ती व्यक्ती आई असेल, आजी असेल, थोरली बहीण असेल किंवा धुण्याभांड्याला येणारी बाई असेल. तिने या दीड महिन्यात एखादे गाणे म्हटले का, एखादे पुस्तक उघडले का, अंगणात आपल्या मैत्रिणीशी तासभर गप्पा मारल्या का? उत्तर ‘नाही’ असे आले, तर आपल्या घराची सुटी अजून पूर्ण झालेली नाही, असे समजावे आणि पुढचा पहिला रविवार तिच्यासाठी राखून ठेवावा.